मोटारीची समोरची कांच

मागील ज्येष्ठांत आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं वडिलांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी मोटार दुरुस्तीस काढली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून ही गाडी निघणें २००१ सालीं थांबलें. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती २०२३ सालच्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. या गाडीचा पायांखालचा पत्रा पार कुजला होता. दोष पत्र्याचा नव्हता. समोरच्या कांचेभोंवतीचें रबर तडकलें होतें, व त्या फटींतून कित्येक पावसाळे पाणी निमूटपणें आंत उतरत होतें. कांच व रबर दोन्ही बदलावयाचें ठरलें, तेव्हां मी जवळच होतों.

श्रोतेहो, या दोन्ही वस्तू मनुष्यास अपघातानेंच लाभल्या आहेत. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई आणि थंडींत कडक होई. १८३९ सालीं अमेरिकेंत चार्ल्स गुडइयर याच्या हातून गंधक मिसळलेलें रबर तापलेल्या शेगडीवर पडलें, तें न वितळतां चामड्यासारखें चिवट झालें, असें सांगतात. १८४४ सालीं त्यानें या कृतीचें पेटंट घेतलें.

कांचेची कथा मात्र अधिक गंभीर आहे. प्रारंभींच्या बहुतेक मोटारींना समोर कांच नव्हतीच. चालक धुळीसाठीं चष्मा लावी. पुढें कांच आली ती घराच्या खिडकीचीच, आणि गाडी आदळली कीं तिचे सुरे होऊन आंतल्यांच्या तोंडांत घुसत. १९०३ सालीं एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून एक चंबू खालीं पडला. तो तडकला, पण विखुरला नाहीं. आंत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यानें तुकडे धरून ठेवले होते. दोन कांचांमध्यें असा पापुद्रा घालण्याची युक्ति त्यानें १९०९ सालीं पेटंट करून घेतली. खर्चाकडे पाहणाऱ्या मोटारवाल्यांना ती लगेच रुचली नाहीं. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूच्या मुखवट्यांच्या डोळ्यांस मात्र ती कांच बसली! प्रवाशाच्या चेहऱ्याची किंमत सैनिकाच्या डोळ्याइतकी ठरावयास १९२८ च्या सुमारास फोर्डची मॉडेल ए गाडी यावी लागली.

तो पापुद्राही उन्हानें पिवळा पडे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनाइल ब्युटिरल हा पारदर्शक व ताणला जाणारा थर आला, तेव्हां ही खोड गेली. कांहीं हौशी लोक त्यापूर्वींच्या गाडीस मूळची पिवळी कांचच हवी म्हणतात. मला तें पटत नाहीं. कांच ही आरपार पाहण्यासाठीं असते.

आमच्या गृहस्थांची कांच इतकी जुनी नव्हती, तरी तेही अडून बसले. "मास्तर, याच कांचेतून बाबा रस्ता पाहत असत," ते म्हणाले. मिस्त्रीनें वाद घातला नाहीं. कांच उतरवून त्यानें ती उन्हाकडे धरली. वायपरनें वर्षानुवर्षें ओढलेल्या बारीक कमानी तींत चमकूं लागल्या. "काका, रात्रीं समोरून दिवे आले कीं हें सगळें पेटतं," एवढेंच तो बोलला. गृहस्थांनीं मान हलविली.

बसविण्याची कृति पाहण्याजोगी होती. प्रथम चौकटीच्या पत्र्यावरील गंज खरवडून रंग दिला. तें न करतां नवें रबर बसविणें म्हणजे रोग झांकणें. मग नवें रबर कांचेभोंवतीं चढविलें आणि त्याच्या बाहेरच्या खांचेंत एक बळकट दोरी सभोंवार घालून तिचीं टोकें खालीं मध्यभागीं आंतल्या बाजूस सोडलीं. साबणाचें पाणी लावलें. (खनिज तेल लावूं नये, नैसर्गिक रबर त्यानें फुगतें.) एकानें बाहेरून तळव्यांनीं कांच दाबली, मिस्त्री आंत बसून दोरी हळूहळू ओढूं लागला. दोरी निघेल तसतशी रबराची कड पत्र्यावरून उडी मारून आंत बसे. उजव्या कोपऱ्याशीं त्याचा श्वास थांबल्यासारखा झाला. तेथेंच कांच तडकते.

नंतर बादलीभर पाणी वरून ओतलें. डाव्या बाजूस खालीं एक थेंब दिसला. मिस्त्रीनें न बोलतां पुन्हां दोरी हातांत घेतली, आणि गृहस्थ जुनी कांच चादरींत गुंडाळून घरांत घेऊन गेले.