निनांवी लेखकांचा ज्ञानकोश



महाराष्ट्रांत ज्ञानकोश म्हटला कीं डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें नांव प्रथम ओठांवर येतें. १९२० च्या दशकांत त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड बाहेर पडले. पुढें तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं मराठी विश्वकोशाचें काम वाईस चाललें व त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला. या ग्रंथांवर वाचकांनीं विश्वास ठेवला, कारण त्यांच्यामागें जबाबदार संपादकांचीं नांवें होतीं. चूक निघाली तर जबाब कोणी द्यावयाचा, हें ठरलेलें होतें.

परंतु ज्या कोशाला संपादक नाहीं आणि ज्याच्या लेखकाचें खरें नांवही बहुधा ठाऊक नसतें, त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? विकिपीडिया या संगणकावरील ज्ञानकोशाच्या इतिहासांत याच प्रश्नाचें उत्तर शोधण्याची धडपड दिसते. त्या धडपडीचीच हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

२००० सालीं अमेरिकेंत न्यूपीडिया नांवाचा एक कोश निघाला. त्यांतील प्रत्येक लेख तज्ज्ञांच्या सात पायऱ्यांच्या तपासणींतून जाई. व्यवस्था चोख होती, पण गति गोगलगाईची! सुमारें तीन वर्षांत दोन डझनांच्या आसपासच लेख पूर्ण झाले. तेव्हां जोडीला, १५ जानेवारी २००१ रोजीं, कोणीही यावें व लिहावें, असा विकिपीडिया उघडण्यांत आला. मूळ कोश मागें पडला व हा वाढत गेला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ रोजीं, महाराष्ट्रदिनीं झाला.

दार सताड उघडें ठेवलें म्हणजे सज्जनांबरोबर खोडसाळही आंत येतात. २००५ च्या मे महिन्यांत एका अनामिकानें जॉन सीगेंथेलर या वृद्ध अमेरिकन संपादकाविषयीं लिहिलें कीं, केनेडी बंधूंच्या खुनांत याचा हात असल्याचा कांहीं काळ संशय होता. सीगेंथेलर हे तर रॉबर्ट केनेडींचे जुने सहकारी! हें धादांत असत्य सुमारें चार महिने जगापुढें तसेंच राहिलें. नोव्हेंबरांत सीगेंथेलर यांनीं वृत्तपत्रांत त्याला वाचा फोडली. लिहिणारा सांपडला, तेव्हां त्यानें सांगितलें कीं आपण हें एका सोबत्याची थट्टा म्हणून केलें. एका भल्या माणसाची अब्रू अशी थट्टेवारी गेली होती! यानंतर इंग्रजी विकिपीडियानें नोंदणी नसलेल्यांस नवा लेख उघडण्याची बंदी केली आणि हयात व्यक्तींविषयीं आधारावांचून कांहींही लिहूं नये, हा नियम कडक केला.

आधाराचें तत्त्व त्यापूर्वींही होतेंच. त्याचा अर्थ असा कीं, लेखक कोण आहे हें पाहूं नये, तो कशाच्या आधारें बोलतो तें पाहावें. येथें स्वतःचें अप्रकाशित संशोधनही चालत नाहीं. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्या छापील खंडाचा आधार येथें देतां येईल. पण राजवाडे स्वतः दप्तरांतील न छापलेला कागद घेऊन आले असते, तर त्यांनाही ‘आधीं प्रसिद्ध करा’ असेंच सांगण्यांत आलें असतें.

या नियमाचा चटका मलाही बसला आहे. सेवानिवृत्तीनंतर मीं आमच्या गांवच्या नदीघाटावर एक लेख लिहिला. घाट कोणी बांधला, तें आजोबांनीं सांगितलें होतें, तसेंच घातलें. आणि एका पुस्तकांतील छायाचित्राची प्रत जोडली. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों वाक्यापुढें ‘संदर्भ हवा’ अशी खूण, आणि चित्र नाहींसें! तीस वर्षें खडू झिजविलेल्या मास्तराकडे पुरावा मागतात, म्हणून मला राग आला. हट्टानें जुनें सरकारी गॅझेटियर धुंडाळलें, तों तेथें निराळ्याच सावकाराचें नांव! तीस वर्षें मी मुलांना जें शिकवीत आलों होतों, त्याला आजोबांच्या शब्दापलीकडे आधार नव्हता. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं.

चित्राचें प्रकरण मला उशिरा उमगलें. पुस्तक मीं विकत घेतलें होतें; पण पुस्तक घेतल्यानें त्यांतील छायाचित्राचा हक्क मिळत नाहीं. आपल्या कायद्यानें ग्रंथकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. पूर्वीं ही मुदत ५० वर्षांची होती. १९४१ सालीं दिवंगत झालेल्या रवींद्रनाथांचे हक्क संपत आले, तेव्हां ती दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली. केतकर १९३७ सालीं वारले. म्हणून त्यांचें स्वतःचें लेखन १९९८ च्या आरंभापासून सर्वांचें झालें. जुन्या छायाचित्रांची गणना निराळी असते. प्रत्येकाचें साल पाहावें लागतें.

मग परवानगी मागून चित्र घातलें तर? तेवढ्यानेंही भागत नाहीं. ‘तुमच्या कोशापुरतें वापरा’ किंवा ‘विक्रीसाठीं वापरूं नका’ अशी परवानगी अपुरी पडते. या कोशांतील मजकूर कोणीही घ्यावा, छापावा, विकावाही, मात्र कर्त्याचें नांव द्यावें आणि पुढच्यालाही तीच मोकळीक ठेवावी, असा त्याचा करार आहे. १९८० च्या दशकांत संगणकशास्त्रज्ञांनीं हा विचार प्रथम रुजविला आणि २००९ पासून विकिपीडियाचा मजकूर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या अशा परवान्यानें दिला जातो. चित्रांचें सामाईक भांडार २००४ सालीं उघडलें. त्यांत हक्क मोकळा नसलेलें चित्र ठेवतां येत नाहीं; कारण तें उचलणारा शाळामास्तर किंवा लहान छापखानेवाला उद्यां विनाकारण कज्ज्यांत सांपडावयाचा.

या नियमांमुळें आपलें नुकसानही होतें, हें मी नाकारीत नाहीं. आपल्याकडचें पुष्कळसें ज्ञान अजून छापलें गेलेलें नाहीं. तें ओवींत आहे, वृद्धांच्या स्मरणांत आहे. २०११ सालीं हिंदुस्थानांत व दक्षिण आफ्रिकेंत लोकांचें बोलणें ध्वनिमुद्रित करून तें आधार म्हणून देण्याचा एक प्रयोगही झाला. परंतु यावरचा उपाय नियम सैल करण्याचा नव्हे. आपल्या वडीलधाऱ्यांचें सांगणें आपण वेळींच नीट टिपावें, ताडून पाहावें व प्रसिद्ध करावें.

पुढें मीं घाटाचें छायाचित्र स्वतः काढून भांडारास दिलें. लेखांत सावकाराचें नांव घातलें व खालीं गॅझेटियरचें पान नोंदविलें. आजोबांची गोष्ट मीं एका वहींत, ते सांगत तशी, लिहून ठेवली आहे. तीही खोटीच असेल, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. पण ती खरी म्हणून दुसऱ्याच्या पदरांत घालण्याचाही नाहीं.