सफरचंदाआधीची बेगार

उर्दूच्या तासाला ‘बेगार’ हा शब्द आला की आम्ही मुलांना त्याचा अर्थ सांगतो: मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. शब्द फारसी. मराठीत तो ‘वेठबिगार’ होऊन रुळला. पण या शब्दाचा खरा धडा आम्हाला हिमाचल प्रदेशातील कोटगढला मिळाला.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तेथे गेलो होतो. शिमल्याहून नारकंडामार्गे पुढे गेले की सतलजच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या डोंगरांवर कोटगढ आणि ठाणेदार ही गावे लागतात. एका अंगाला देवदारांचे रान, दुसऱ्या अंगाला सफरचंदांच्या बागा. तानी जुब्बरच्या तळ्याभोवती फिरताना वाटले, या भूमीला दुःख ठाऊकच नसावे.

इतिहास वेगळे सांगतो. जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता याच भागातून जात असे. दौऱ्यावर वा शिकारीला निघालेल्या साहेबांचे तंबू आणि सामान गावकऱ्यांनी वाहावे, असा दंडक होता. पेरणी असो वा कापणी, हुकूम आला की शेत सोडून निघायचे. मजुरी नाममात्र, कित्येकदा तीही नाही.

सॅम्युअल इव्हान्स स्टोक्स हा अमेरिकन तरुण 1904 साली कुष्ठरुग्णांच्या सेवेसाठी भारतात आला. कोटगढला त्याने जमीन घेतली आणि 1912 साली तेथल्याच मुलीशी लग्न केले. गावकऱ्यांच्या पाठीवरचे ओझे त्याला पाहवेना. त्याने सरकारकडे अर्ज केले, लेख लिहिले, गावांची एकजूट केली. अखेर 1921 साली सरकारला बेगारीबाबत माघार घ्यावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस राजद्रोहाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली आणि लाहोरच्या तुरुंगात सहा महिने काढावे लागले. पुढे 1932 मध्ये त्याने हिंदू धर्म स्वीकारला व सत्यानंद हे नाव घेतले. 1946 मध्ये, स्वातंत्र्य एका वर्षावर असताना, तो वारला.

इंग्रजांनी कुलूत लावलेली सफरचंदे आंबटसर होती. स्टोक्सने अमेरिकेहून ‘रेड डिलिशियस’ ही गोड जात आणली, शेजाऱ्यांना कलमे दिली, लागवड शिकवली. आज पर्यटकांना तो सफरचंदवाला म्हणूनच माहीत आहे. पण सफरचंदाचे झाड फळ देईपर्यंत काही वर्षे जपावे लागते. ज्याला केव्हाही ओझे वाहायला हाकलले जाते, तो बाग कशी राखणार? आमच्या मते कोटगढची पहिली लागवड कलमांची नव्हे, मोकळ्या हातांची होती.

परतताना चढणीवर एक नेपाळी मजूर भेटला. कपाळाला पट्टा, पाठीवर ओझे. आम्ही बाजूला होऊन त्याला वाट दिली. देशात वेठबिगारीविरुद्ध कायदा 1976 सालापासून आहे. तरीही त्याच्या घामाचा पुरता मोबदला त्याला मिळतो का, हे विचारायचे आमच्याकडून राहून गेले. वर्गात ‘बेगार’ शिकवताना आता आम्ही अर्थापाशी थांबत नाही. तुमच्या आसपास कोणाची मजुरी थकली आहे का, हे मुलांना आवर्जून विचारतो. बरेच हात वर होतात.