५० एमबीची कम्प्युटरगिरी

आजचा भाग जुन्या कम्प्युटरबद्दल आहे, पण 'टॉप ५ हलक्या ऑपरेटिंग सिस्टिम्स' टाइप नाही. तसले व्हिडिओ ढिगाने आहेत. मला सांगायचाय तो त्यामागचा इतिहास, कारण तो माहीत असला की निवड आपोआप सोपी होते.

१९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स लिहायला घेतलं ते ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर. रॅम किती? ४ एमबी. आज तुमच्या फोनमधला एक फोटो याहून मोठा असतो. म्हणजे लिनक्स जन्मतःच हलकं होतं, आणि मग सगळ्यांचं होतं तसं वजन वाढत गेलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ कर्नलमधून तर ३८६ चा सपोर्टच काढून टाकला. ज्या मशीनवर जन्म झाला, त्यावरच आता ते चालत नाही! लिनसला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नव्हतं, हे जाता जाता सांगतो.

२००० साली जर्मनीच्या क्लाऊस क्नॉपरने 'क्नॉपिक्स' आणलं. सीडी टाका, कम्प्युटर चालू करा, इन्स्टॉल काही करायचं नाही. जवळपास २ जीबीचा ऐवज कॉम्प्रेस करून ७०० एमबीच्या सीडीत बसवलेला. त्यातूनच जॉन अँड्र्यूजचं 'डॅम स्मॉल लिनक्स' निघालं. त्याने मर्यादा घातली ५० एमबीची, कारण व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराच्या छोट्या सीडीत तेवढंच मावायचं. त्यात ब्राउझर, मेल, एडिटर, सगळं. ४८६ आणि १६ एमबी रॅमवरही ते चालायचं. इंजिनियर म्हणून मला हा आकडा फार आवडतो. मर्यादा ठरली की 'हे पण टाकूया' म्हणणाऱ्याला विचारता येतं, मग बाहेर काय काढू?

त्याच सुमारास, २००३ मध्ये, ऑस्ट्रेलियात बॅरी कॉलरने 'पपी लिनक्स' काढलं. त्याची युक्ती वेगळी. अख्खी सिस्टिम रॅममध्ये चढते, हार्ड डिस्क मेलेली असली तरी मशीन पळतं. पुढे डॅम स्मॉलवर काम करणारे रॉबर्ट शिंगलडेकर बाहेर पडले आणि त्यांनी 'टायनी कोअर' केलं, सुरुवातीला साधारण १० एमबीचं!

आता मुद्द्याची गोष्ट. हलकं करायचं म्हणजे काहीतरी काढायचं. मग आधी काय जातं?

'कि' टाइप करा. मेमरीत आधी क असतो, मग ऱ्हस्व वेलांटी. पण स्क्रीनवर वेलांटी आधी काढावी लागते. जोडाक्षरं म्हणजे त्याहून मोठी भानगड. हे काम 'पँगो' नावाची लायब्ररी करते, आणि ती आली मार्च २००२ च्या जीटीके २ बरोबर. डॅम स्मॉलमधली बरीच ॲप्स होती जुन्या जीटीके १ वर, कारण ते हलकं. म्हणजे त्या ५० एमबीत आपली मराठी नव्हतीच. कुणी मुद्दाम काढली नाही, पण वजन करणाऱ्याच्या तराजूत ती कधी आलीच नाही. अमेरिकेतल्या माणसाला 'पूर्ण' वाटणारी सिस्टिम सांगलीत अर्धवट ठरते, ती अशी.

हे मला पुस्तकी वाटायचं, गेल्या वर्षी गावच्या वाचनालयाचा कम्प्युटर हातात येईपर्यंत. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, त्यावर एक्सपी, म्हणजे एप्रिल २०१४ पासून बेवारस. ग्रंथपाल काकांची अट एकच: "पुस्तकांची यादी मराठीतच राहिली पाहिजे बाबा, रोमनमधली 'झाडाझडती' मला सापडत नाही."

त्यामुळे १० एमबीवाली मंडळी पहिल्याच फेरीत बाद. दुसरी अडचण ३२-बिटची. उबुंटूने २०१७ पासून ३२-बिट डेस्कटॉप देणं बंद केलं. डेबियनच्या ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीत ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. उरलं काय? मी 'अँटीएक्स २३' घेतलं. गंमत बघा, अँड्र्यूजने २०२४ मध्ये डॅम स्मॉल पुन्हा जिवंत केलं ते याच अँटीएक्सवर, आणि यावेळी मर्यादा ५० नाही, ७०० एमबीची. ब्राउझर्स एवढे फुगलेत की त्यालाही हात टेकावे लागले.

यादीसाठी लिब्रे ऑफिस टाळून ग्न्यूमेरिक टाकलं, ते लवकर उघडतं. वायफाय जोडलंच नाही, यादीला नेट कशाला? वर एक छोटंसं पॅकेज, लोहित देवनागरी फॉन्ट. लोहित म्हणजे लाल, कारण तो रेड हॅटने खुला केला. त्याच्या जुन्या फाइलीतली कॉपीराइटची ओळ उघडून पाहिली, तर तिथे पत्ता पुण्याचा निघाला.

काकांनी पहिली नोंद केली ती 'झाडाझडती'ची. जोडाक्षर नाही त्यात, म्हणून मी लगेच 'श्यामची आई' टाइप करायला लावलं. नीट उमटलं.