नकाशातली कोरी जागा

रेल्वेचा जुना नकाशा उघडला की सगळे जण त्यावरच्या रेघा पाहतात. मी मंठ्याचा. माझी नजर आधी जाते ती दोन रेघांमधल्या कोऱ्या जागेवर.

विसाव्या शतकाच्या आरंभीचा नकाशा घ्या. वरच्या बाजूला वऱ्हाडातून जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. भुसावळ, अकोला, बडनेरा करीत ती १८६७ मध्ये नागपूरला पोचली. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१-६५) विलायतेच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडचे मोल वाढले. १८७० मध्ये जलंबपासून खामगावच्या कापूसपेठेपर्यंत खास फाटा झाला. खालच्या बाजूला निजामाची रेल्वे. मनमाड, तेव्हाचे औरंगाबाद, जालना, परतूर, परभणी, नांदेड आणि पुढे सिकंदराबाद. हा मार्ग १९०० च्या सुमारास टप्प्याटप्प्याने सुरू झाला. मंठा या दोहोंच्या मध्ये राहिले.

नकाशावर दोन्ही रेघा सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात वरची १६७६ मिलिमीटर रुंदीची, खालची १००० मिलिमीटरची. त्यामुळे मनमाडला एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. हमालांच्या पाठीवरचे ते ओझे कुठल्याच नकाशात नाही.

पैसा कोणाचा, हेही नकाशा सांगत नाही. ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या नावातच मेख आहे. भांडवल विलायती कंपनीचे, त्यावरच्या व्याजाची हमी मात्र हैदराबादच्या तिजोरीची! १८८३ मध्ये चांदा रेल्वे योजनेला विरोध केला म्हणून सरोजिनी नायडूंचे वडील अघोरनाथ चट्टोपाध्याय यांना संस्थानाबाहेर काढण्यात आले. अखेर १९३० मध्ये संस्थानाने ही रेल्वे स्वतःकडे घेतली आणि १९५० मध्ये ती भारतीय रेल्वेत आली.

आमचे आजोबा म्हणत, “गाडी जुंपा, गाडी गाठायचीय.” पहिली गाडी बैलांची, दुसरी परतूरची, कोळशाची. त्या एका वाक्यात आमच्या भागाचा रेल्वेचा इतिहास आहे.

गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मनमाड-परभणी रूळ रुंद झाले. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्याहून मुंबईला ‘वंदे भारत’ धावू लागली. मंठेकर मात्र आजही गाडी धरायला परतूर किंवा जालनाच गाठतो. म्हणून नवी रेघ आखली जाईल तेव्हा दोन प्रश्न विचारायला हवेत. खर्च कोणाच्या माथी, आणि कोरी जागा कोणाच्या वाट्याला?