वाद्यवृंदाचा ध्वनिसंग्रह आणि घुमटाची जागा

वाद्यांचे सुटे स्वर व आघात ध्वनिमुद्रित करून ते संगणकावर वाजवता येतील अशा रीतीने रचलेल्या संचास ‘सॅम्पल लायब्ररी’ म्हणतात. वाद्यवृंदाच्या संचात तंतुवाद्ये, काष्ठवाद्ये, पितळी वाद्ये व तालवाद्ये हे चार विभाग गृहीत असतात. निवडीचा खरा प्रश्न त्यापुढे उभा राहतो. प्रत्येक आघात मंद ते तीव्र अशा अनेक पातळ्यांवर पुनःपुन्हा मुद्रित करावा लागतो. त्यामुळे प्रत्येक वाढीव वाद्यागणिक श्रम आणि खर्च वाढतो.

२०१९ साली गोव्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित झालेले घुमट या निवडीची कसोटी पाहते. मातीच्या या वाद्याचे रुंद तोंड चामड्याने मढवलेले असते, तर अरुंद तोंड तळहाताने झाकत-उघडत नाद बदलला जातो. सुटे आघात मुद्रित केल्यास हा बदलता नाद हरवतो. शिवाय घुमट एकटे वाजत नाही. आरतीत त्याला शामेळ व कासाळे यांची साथ असते. म्हणून तिन्हींचा एकत्रित विचार हवा.

दुसरा प्रश्न चामड्याचा. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण असल्याने आता बकऱ्याचे कातडे वापरले जाते. संग्रहात हाच प्रचलित नाद असणे उचित. संचात नसलेले वाद्य संगणकावर रचना करणाऱ्या संगीतकाराला सहसा सुचत नाही. घुमटाच्या समावेशाचे महत्त्व त्यातच आहे.