खरीफमध्ये सलाला: मुलांसह बाराशे किलोमीटरचा रस्ता

जुलै उजाडला की आखातातील मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. शाळांना सुट्टी लागलेली असते, बाहेर पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि मुलांना पाऊस दाखवायचा असतो. भारताची विमानतिकिटे परवडेनाशी झाली, की बोट नकाशावर ओमानच्या दक्षिण टोकाकडे सरकते. ढोफार प्रांत आणि त्याची राजधानी सलाला येथे या काळात आखातात इतरत्र न दिसणारे दृश्य असते: धुक्यात बुडालेले हिरवे डोंगर, दिवसभर रिमझिम आणि पंचवीस अंशांच्या आसपासचे तापमान. नैर्ऋत्य मोसमी वारे ढोफारच्या किनाऱ्यावरील थंड समुद्रावरून येऊन करा पर्वतरांगेला धडकतात आणि धुके तिथेच अडकून राहते. पलीकडच्या उतारावर लगेच वाळवंट सुरू होते. या ऋतूला अरबीत ‘खरीफ’ म्हणतात. मूळ अर्थ शरद ऋतू. आपल्या शेतीतील ‘खरीप’ हंगामाचे नावही याच शब्दातून आले आहे.

ओमानमध्ये हा हंगाम साधारण २१ जून ते २० सप्टेंबर असा धरला जातो. २०२४ मध्ये या तीन महिन्यांत दहा लाखांहून अधिक पर्यटक ढोफारला आले. मात्र सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत डोंगर पुरते हिरवे झालेले नसतात. खरी गर्दी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असते आणि शाळांच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच येतात. त्यामुळे गर्दी टाळता येईल, या भ्रमात राहू नये. टाळता येतो तो गर्दीचा वार.

वार कोणता निवडावा

अमिरातीत जानेवारी २०२२ पासून साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवार आहे आणि शुक्रवारी बहुतेक कार्यालये अर्धा दिवस चालतात. ओमान आणि सौदी अरेबियात मात्र शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. म्हणजे सलालामध्ये गुरुवारी संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंत वर्दळ शिगेला पोहोचते, तर रविवारी दुपारी शहर थोडे मोकळे होते. दुबई-शारजातील नोकरदाराने हा फरक आपल्या पथ्यावर पाडून घ्यावा. शुक्रवारी दुपारी निघून रात्री निझवा, शनिवारी हैमा आणि रविवारी दुपारपर्यंत सलाला. रविवार ते बुधवार अशा चार रात्री तिथे राहून गुरुवारी सकाळी परतीला लागावे, रात्री हैमा गाठावे आणि शुक्रवारी रात्री घर. कार्यालयाच्या रजा पाच खर्च होतात आणि शनिवार-रविवार विश्रांतीला उरतात. या आखणीत एक उणीव आहे, ती म्हणजे शुक्रवारी दुपारी सीमेवर रांग लागते. तिच्यासाठी दोन-तीन तास हिशेबात धरावेत आणि निझव्याची खोली रात्री उशिरापर्यंत राखून ठेवण्यास आधीच सांगावे. ईदची सुट्टी या आठवड्यांना जोडून आली, तर हे सारे गणित कोलमडते. त्या वर्षी ईदचा आठवडा सोडूनच बेत करावा.

रस्त्याचे टप्पे

दुबई ते सलाला हे अंतर बाराशे किलोमीटरच्या पुढे जाते. अल ऐनजवळील मझ्याद-हाफीत सीमेवरून इब्री, पुढे निझवा आणि आदम, मग वाळवंटातून हैमा, थुमरैत आणि शेवटी डोंगर उतरून सलाला. मस्कतहून निघणाऱ्यांना सुमारे एक हजार किलोमीटर पडतात आणि निझव्यापासून पुढे रस्ता तोच. अनेक तरुण मंडळी हे अंतर एका दमात, रात्रभर गाडी चालवून कापतात आणि तसे अभिमानाने सांगतातही. मुले सोबत असताना हा पराक्रम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आम्ही स्वतः पहिल्या खेपेस ‘मुले झोपतील, ऊन लागणार नाही’ या विचाराने रात्री वाळवंट ओलांडायला निघालो होतो. आदम सोडून दोन तास झाले असतील. दिव्यांच्या प्रकाशात रस्त्याच्या मधोमध उभा असलेला उंट दिसला, तेव्हा आमच्यात आणि त्याच्यात फारसे अंतर उरले नव्हते. गाडी थांबली. मागची दोघे जागीही झाली नाहीत. त्या रात्रीनंतर अंधार पडल्यावर त्या पट्ट्यात आम्ही गाडी चालवलेली नाही.

उंटाची उंची हेच धोक्याचे कारण आहे. गाडीची धडक त्याच्या लांब पायांना बसते आणि त्याचे धड थेट समोरच्या काचेवर येते. त्याचा रंग वाळूत मिसळून जातो, त्यामुळे दिव्यांतही तो उशिरा दिसतो. एक उंट दिसला की मागे आणखी असणार, असे धरून वेग कमी करावा.

म्हणून सूर्योदयानंतर निघावे आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. निझवा ते हैमा साधारण पावणेचारशे किलोमीटर, हैमा ते सलाला पावणेपाचशेच्या आसपास. लहान मुलांना दर दीड-दोन तासांनी पाय मोकळे करू द्यावे लागतात, हे धरले तर दोन्ही टप्पे एका दिवसात आरामात बसतात. खोल्यांचे आरक्षण करताना बहुतेक जण सलालापासून सुरुवात करतात. क्रम उलटा असावा. सलालामध्ये हंगामात दर कितीही चढले तरी हॉटेले, सज्ज सदनिका, आसपासची गावे असे पर्याय बरेच असतात. हैमामध्ये ते बोटांवर मोजण्याइतके आहेत आणि ती खोली हुकली, की अंधारात वाळवंट ओलांडण्याची वेळ येते. आधी हैमाच्या जातानाच्या आणि येतानाच्या दोन्ही रात्री निश्चित कराव्यात, मगच बाकीचे.

आदमच्या पुढे घाबा, हैमा, घफ्तैन, कित्बीत, थुमरैत अशी इंधनाची ठिकाणे येतात. हंगामात पंपांवर रांगा लागतात, म्हणून टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यावी, पुढच्या पंपाची वाट पाहू नये. प्रसाधनगृहांबाबतही हाच न्याय. मुलांना ‘आत्ता नको’ वाटत असले तरी पंप आला की उतरवावे. काही पट्ट्यांत मोबाइलला संपर्क मिळत नाही, तेव्हा नकाशे आधीच उतरवून ठेवावेत. ओमानमध्ये पोलिसांचा तातडीचा क्रमांक ९९९९ आहे. अमिरातीच्या ९९९ ची सवय असलेल्यांनी तो फोनमध्ये आधीच साठवावा. महामार्गावर वेगाची सर्वोच्च मर्यादा १२० आहे. जिथे दुभाजक नाही तिथे समोरून मालमोटारींची रांग येत असते. त्या भागात ओव्हरटेक करून वाचणारी दहा मिनिटे मुक्कामी पोहोचल्यावर कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

शेवटचा टप्पा सर्वांत फसवा. थुमरैतपर्यंत लखलखीत ऊन असते आणि तिथून सलालाकडे उतरताना काही किलोमीटरच्या आत गाडी दाट धुक्यात शिरते. रस्ता ओला आणि वळणांचा. इथे दिवे खालच्या झोतावर ठेवावेत, कारण वरचा झोत धुक्यावरून परतून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही धोक्याचे दिवे लुकलुकत ठेवण्याची पद्धत चुकीची आहे. वळण्याचा इशारा त्यामुळे मागच्याला कळत नाही. पहिले धुके दिसताच रस्त्यातच गाडी थांबवून छायाचित्रे काढणारी कुटुंबे दरवर्षी दिसतात. धुके चार दिवस पुरून उरणार आहे. मुलांना गाडी लागते तीही याच उतारावर, तेव्हा थुमरैतला भरपेट जेवण टाळावे आणि पिशव्या हाताशी ठेवाव्यात.

गाडी आणि कागद

ओमानसाठी गाडीचा विमा वेगळा तपासावा लागतो. काही विम्यांत ओमान आधीच समाविष्ट असतो, पण त्याचा पुरावा म्हणून अरब देशांत चालणारे ‘ऑरेंज कार्ड’ विमा कंपनीकडून मागून घ्यावे. ते सीमेवर विचारले जाते. गाडी भाड्याची असल्यास किंवा दुसऱ्याच्या नावावर असल्यास ती देशाबाहेर नेण्याची लेखी परवानगी लागते. ही परवानगी एका दिवसात मिळेलच असे नाही. प्रत्येक मुलाचे स्वतंत्र पारपत्र आणि निवासी परवाना असतो आणि व्हिसाही प्रत्येकाचा वेगळा पाहावा लागतो. आखाती देशांतील रहिवाशांसाठीचे ओमानचे नियम व्यवसाय आणि राष्ट्रीयत्वानुसार बदलत आले आहेत, म्हणून शेजाऱ्याच्या गेल्या वर्षीच्या अनुभवावर न विसंबता रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर निघण्यापूर्वी खात्री करावी. पारपत्राची मुदत सहा महिने शिल्लक हवी. सर्दी-खोकल्याच्या औषधांतील कोडीनसारखे काही घटक आखातात नियंत्रित आहेत. मुलांची औषधे मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. अमिरातीत पाच वर्षांहून जुने टायर वार्षिक तपासणीत नाकारले जातात, परंतु तपासणी होऊन अकरा महिने झाले असतील तर स्वतः पाहणे इष्ट. तापलेल्या डांबरावर तासन्‌तास वेगाने धावताना म्हातारा टायर फुटतो. जादा टायरमधील हवाही पाहावी; ती बहुधा कोणीच पाहत नाही.

अमिरातीच्या कायद्यानुसार चार वर्षांपर्यंतच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे आणि दहा वर्षांखालील किंवा १४५ सेंटिमीटरहून कमी उंचीच्या मुलांना पुढच्या आसनावर बसवता येत नाही. बाराशे किलोमीटरच्या प्रवासात आठव्या-नवव्या तासाला ‘थोडा वेळ पट्टा सोडू दे’ अशी विनवणी होतेच. अशा वेळी गाडी पंपावर थांबवावी आणि मुलाला खाली उतरवून खेळू द्यावे. धावत्या गाडीत पट्टा सोडू नये.

पिण्याचे पाणी माणशी चार-पाच लिटर राखीव असावे, रोजच्या पिण्याखेरीज. खाण्यासाठी आपल्या आज्यांनी प्रवासाची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे, कोरडी चटणी, गुळाची पोळी हे दोन दिवस टिकते आणि हात माखत नाहीत. दही आणि नारळाची ओली चटणी या उन्हात नकोच. पाच मिनिटांचे काम असले तरी मुलांना बंद गाडीत ठेवून उतरू नये.

सलालामध्ये

पर्वताच्या पूर्वेला वादी दरबात, ताका, मिरबात, पश्चिमेला मुघसैल. एका दिवशी एकच दिशा घ्यावी. वादी दरबातला सकाळी आठच्या आत पोहोचले तर गाडी लावायला जागा मिळते, दहानंतर डोंगरात मोटारींची रांगच पाहावी लागते. पाऊस फार असेल त्या दिवशी अल बलीद आणि खोर रोरी येथील समहरमचे अवशेष पाहावेत. लुबान, म्हणजे धूपाच्या सुगंधी डिंकाचा व्यापार या बंदरांतून चाले आणि २००० साली युनेस्कोने ही स्थळे जागतिक वारसा यादीत घेतली. शहरात शहाळी, केळी आणि पपयांची दुकाने ओळीने लागलेली असतात. मुलांना कोकण आठवेल, आईवडिलांना त्याहून अधिक.

धबधब्याखालच्या आणि झऱ्यांच्या पाण्यात मुलांना उतरवण्याचा मोह होतो. ढोफारच्या गोड्या पाण्यात बिलहार्झिया या परजीवी रोगाची नोंद पूर्वी झालेली आहे, त्यामुळे साचलेल्या पाण्यापासून दूर राहणेच बरे. ज्यांच्या मुलांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी ओलसर, बुरशीचा वास असलेली खोली पहिल्याच तासात बदलून मागावी.

आणि समुद्र. खरीफमध्ये ढोफारचा समुद्र पोहण्यासाठी नसतो; लाटा उंच, ओढ जबरदस्त आणि खडक निसरडे. मुघसैल येथे खडकातील छिद्रांतून पाणी कारंज्यासारखे उसळते, म्हणून प्रत्येक कुटुंब तिथे जाते. १० जुलै २०२२ रोजी, ईदच्या सुट्टीत, तिथला संरक्षक कठडा ओलांडून पुढे गेलेल्या आठ जणांना एका लाटेने समुद्रात ओढले. तिघांना वाचवता आले. महाराष्ट्रातून आखातात आलेल्या एका कुटुंबातील मुलेही त्या लाटेत सापडली होती. त्या दिवसाची जी चित्रफीत नंतर सर्वत्र फिरली, तिच्यात लाट येण्याच्या क्षणापर्यंत सारे जण हसत-खेळत, चिंब भिजत उभे दिसतात. कठड्याच्या अलीकडे राहूनही तुषार अंगावर येतात. तिथे मुलाचा हात धरून ठेवावा आणि फोन खिशात.

दोन वर्षांखालील मूल आणि हाती जेमतेम चार दिवस असतील, तर विमान घ्यावे. दुबईहून दोन तासांच्या आत सलाला येते आणि गाडी तिथे भाड्याने मिळते. हंगामात तीही महिनाभर आधी सांगून ठेवावी लागते.