मोहसीन शेखला कोणी मारलं? सगळे आरोपी निर्दोष सुटले की कायद्यात पुढे काय उरतं?

2 जून 2014 ची रात्र. पुण्यातल्या हडपसरमध्ये नमाज पढून मोहसीन शेख मित्रासोबत घरी निघाला होता. रस्त्यात जमावानं त्याला गाठलं आणि बेदम मारहाण केली. त्यात मोहसीनचा जीव गेला. तो मूळचा सोलापूरचा. पुण्यात एका खासगी कंपनीत आयटीचं काम करायचा.

त्या दिवसांत फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याबद्दल आक्षेपार्ह मजकूर फिरत होता. त्यावरून शहरात तोडफोड सुरू होती. मोहसीनचा त्या पोस्टशी काहीच संबंध नव्हता. दाढी आणि पेहरावावरून तो मुसलमान असल्याचं ओळखून त्याला मारलं, असा आरोप होता.

पोलिसांनी हिंदू राष्ट्र सेनेचे प्रमुख धनंजय देसाई आणि इतरांना अटक केली. 27 जानेवारी 2023 रोजी पुण्याच्या सत्र न्यायालयानं पुराव्याअभावी सर्वांची निर्दोष मुक्तता केली. कायद्यानं ते निर्दोष आहेत. पण मग मोहसीनला मारलं कोणी?

मधल्या साडेआठ वर्षांत काय झालं?

• सरकारनं उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमलं. 2017 मध्ये ते या खटल्यातून बाजूला झाले.

• जानेवारी 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांना जामीन दिला. मृताशी त्यांचं वैयक्तिक वैर नव्हतं, धर्माच्या नावाखाली त्यांना भडकवण्यात आलं आणि मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, असं आदेशात म्हटलं होतं. हा मुद्दा आरोपींच्या बाजूनं धरला गेला.

• फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा जामीन रद्द केला. देशात अनेक समाज एकत्र राहतात, याचं भान न्यायालयांनी आदेश लिहिताना ठेवावं, असंही सुनावलं.

• डिसेंबर 2018 मध्ये मोहसीनचे वडील सादिक शेख यांचं निधन झालं. निकाल त्यांना पाहताच आला नाही.

हे एकच प्रकरण आहे का?

नाही. मोहसीनच्या खुनाआधी महिनाभरच, 28 एप्रिल 2014 रोजी, नगर जिल्ह्यातल्या खर्डा इथं नितीन आगे या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलल्याच्या रागातून त्याला मारल्याचा आरोप होता. अनेक साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये नगरच्या न्यायालयानं आरोपींना निर्दोष सोडलं.

एकीकडे धर्म, दुसरीकडे जात. पण दोन्हीकडे आरोप एकच, की माणूस कोण आहे हे बघून त्याला मारलं. जगभरात अशा गुन्ह्यांना हेट क्राइम म्हणतात.

असे खटले कोर्टात का टिकत नाहीत?

जमावानं केलेल्या खुनात कोणाच्या हातात काय होतं, कोणी वार केला, हे सिद्ध करणं अवघड असतं. साक्षीदार बहुतेकदा त्याच गावात, त्याच गल्लीत राहतात. रोज त्याच लोकांसमोरून जायचं असतं. खटला जितका लांबतो तितका दबाव वाढतो आणि आठवणी पुसट होतात. सुरुवातीच्या तपासात राहिलेल्या त्रुटी पाच-सात वर्षांनी भरून काढता येत नाहीत.

निर्दोष सुटले म्हणजे सगळं संपलं का?

नाही. निकालाविरुद्ध सरकार वरच्या कोर्टात अपील करू शकतं. पीडिताच्या कुटुंबालाही तो हक्क आहे आणि त्यासाठी कोर्टाची वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये स्पष्ट केलं.

क्वचित पूर्ण खटला नव्यानंही चालतो. 2002 च्या गुजरात दंगलीतल्या बेस्ट बेकरी प्रकरणात सगळे आरोपी सुटले होते. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला महाराष्ट्रात नव्यानं चालवायला सांगितला. 2006 मध्ये मुंबईच्या कोर्टानं 9 जणांना दोषी ठरवलं. त्यातले 5 जण पुढे उच्च न्यायालयात सुटले, 4 जणांची जन्मठेप कायम राहिली.

ब्रिटनचं उदाहरणही बघा. 1993 मध्ये लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्यानं खून केला. आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. 1999 च्या चौकशी अहवालानं पोलीस दलातच वंशभेद मुरलेला असल्याचं नोंदवलं. एकदा सुटलेल्या आरोपीवर पुन्हा खटला चालवता येत नाही, हा नियमही तिथं गंभीर गुन्ह्यांसाठी बदलला गेला. 2012 मध्ये दोघांना शिक्षा झाली. खुनानंतर तब्बल 19 वर्षांनी.

आता भारतात कायदा काय सांगतो?

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 103(2) नुसार पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशाच कारणावरून खून केला, तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशी होऊ शकते. 2014 मध्ये असं वेगळं कलम नव्हतं.

जुलै 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं झुंडबळीच्या घटना रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमायला सांगितलं आणि खटले शक्यतो सहा महिन्यांत संपवायला सांगितले.

समजा, तुम्ही जुन्नर किंवा आंबेगावमध्ये राहता

हे दोन्ही तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात. गावाच्या ग्रुपवर एखाद्या समाजाविरुद्ध भडकवणारी पोस्ट आली, तर पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, पोलिसांना कळवा. जमाव जमताना दिसला तर 112 ला फोन करा. दोन समाजांत तेढ वाढवणारा मजकूर पसरवणं हा कलम 196 खाली गुन्हा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अशी घटना तुम्ही डोळ्यांनी पाहिली असेल आणि साक्ष द्यायची भीती वाटत असेल, तर साक्षीदार संरक्षण योजना 2018 पासून आहे. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती अर्जावर निर्णय घेते. धोका बघून पोलीस संरक्षण देता येतं, ओळखही गुप्त ठेवता येते.

मोहसीनच्या खुनाची सुरुवात झाली ती त्यानं न लिहिलेल्या एका पोस्टपासून. ती पोस्ट कोणी टाकली याची त्या रात्री जमावाला पर्वा नव्हती. आणि मोहसीनला कोणी मारलं, याचं उत्तर साडेआठ वर्षं चाललेल्या खटल्यातूनही मिळालं नाही.